सावली काळी नसते

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात वॉल्टर्स कलासंग्रहालय आहे. तेथील संग्रहात एक छोटेसे तैलचित्र आहे. उंची अर्धा मीटर, रुंदी त्याहून थोडी अधिक. म्हणजे तुमच्या वर्गातल्या भिंतीवरील नकाशापेक्षाही लहानच. चित्राचे नाव ‘वसंत ऋतू’. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने ते १८७२ साली काढले. पॅरिसजवळ सेन नदीच्या काठी आर्झांतय नावाचे गाव आहे. १८७१ च्या अखेरीस मोने तेथे राहावयास गेला. तेथल्या बागेत, झाडाच्या सावलीत, त्याची पत्नी कामीय हिरवळीवर बसून पुस्तक वाचते आहे. बस्स, चित्राचा विषय एवढाच. ना राजा, ना लढाई, ना पुराणातील प्रसंग.

झाड लायलॅकचे आहे. आपल्याकडे ते सहसा पाहावयास मिळत नाही. पण जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातले ते झुडूप. वसंतात त्याला सुगंधी फुलांचे घोस येतात. तेव्हा अगदीच परके समजू नका.

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञानाच्या मासिकात हे चित्र कशासाठी, असे तुम्ही विचाराल. तुमच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या मनातही तोच प्रश्न येईल. माझे उत्तर थोडे भांडखोर आहे. आपल्या शाळांतील विज्ञानाच्या प्रात्यक्षिक वह्यांत जे शिकवले जात नाही, ते या चित्रात आहे, असे माझे मत आहे.

प्रथम एक गोष्ट करा. ‘बागेत झाडाखाली बसलेली मुलगी’ हा विषय चित्रकलेच्या तासाला दिला आहे, असे समजा. तुम्ही काय कराल? खोड तपकिरी. पाने हिरवी. झगा गुलाबी ठरवला, की सगळा झगा एकसारखा गुलाबी. आणि झाडाखाली सावली दाखवायची म्हणून काळ्या रंगात भरपूर पाणी घालून एक राखी पट्टा ओढाल. प्रत्येक वस्तूला तिचा ‘खरा’ रंग दिला, की काम झाले!

आता मोनेचे चित्र पाहा. छापील प्रतिकृतीतही हे दिसेल. कामीयचा झगा फिकट गुलाबी मलमलीचा आहे, पण एकसारखा गुलाबी भाग त्यात शोधावा लागतो. झग्यावर उजळ ठिपक्यांची पखरण आहे. हिरवळीवरही तशीच. ठिपक्यांच्या मधला, सावलीतला झगा थंड, निळसर-जांभळट छटांकडे झुकलेला आहे. हिरवळीवरची सावली म्हणजे गडद हिरवा आणि निळा. काळेभोर असे काही डोळ्यांत भरतच नाही. जवळ जाऊन पाहिले तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. दोन पावले मागे सरले, की ऊन हलते आहे असे वाटते.

या उजळ ठिपक्यांना आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: कवडसे.

कवडसा हा लहानपणापासून आपल्या ओळखीचा. पण तो गोल का असतो, हे कधी स्वतःला विचारले आहे का? पानांमधली फट कुठे त्रिकोणी, कुठे वेडीवाकडी, कुठे नुसती चीर. तरी जमिनीवर पडणारा कवडसा गोल किंवा लंबगोल. फटीचा आकार तो घेत नाही. कारण तो फटीचा नसतोच. तो सूर्याचा असतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून आपण जो पिनहोल कॅमेरा बनवतो, तेच काम पानांमधली प्रत्येक बारीक फट करते. सूर्याच्या वरच्या कडेकडून आलेला किरण फटीतून खाली जातो, खालच्या कडेकडून आलेला वर, आणि जमिनीवर सूर्यबिंबाची उलटी प्रतिमा उमटते. म्हणजे कामीयच्या झग्यावर शंभर-दीडशे लहान सूर्य पडलेले आहेत! किरण तिरपे आले तर प्रतिमा लांबट होते. फट मोठी आणि जमिनीजवळ असली, तर मात्र गोल प्रतिमा न उमटता फटीच्याच आकाराचा उजेड पडतो. सूर्यग्रहणाच्या वेळी सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण होते. त्या वेळी आकाशात ढग नसलेल्या ठिकाणी झाडाखाली पाहणाऱ्याला अशा कोरींची रांगोळी दिसली असणार.

मोनेने हे प्रकाशशास्त्र शिकून चित्र काढले, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचे ठिपके कंपासने काढल्यासारखे गोल नाहीत. झपाट्याने मारलेले फटकारे आहेत. त्याने एकच केले. जे समोर दिसले, ते ‘झग्याचा रंग गुलाबी’ या आपल्या माहितीला बळी दिले नाही.

आता सावलीकडे वळू. सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव, हे वाक्य आपण पाठ करतो. ते अर्धेच खरे आहे. उघड्यावरच्या सावलीत फक्त सूर्याकडून थेट येणारा प्रकाश अडलेला असतो. डोक्यावरचे सगळे आकाश तिला प्रकाश देतच असते. आणि आकाश निळे आहे. हवेतील रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. लॉर्ड रॅले याने १८७१ साली याचे गणित मांडले: विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तांबड्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि निळ्याची ४५० धरली, तर निळा सुमारे सव्वाचार पट अधिक विखुरला जातो. तुम्हीच करून पाहा, दहावीच्या गणिताला जमण्यासारखे आहे. तेव्हा स्वच्छ आकाशाखालच्या सावलीवर निळ्या छताचा प्रकाश पडतो. झाडाखालच्या सावलीत त्यात पानांतून गाळून आलेला आणि हिरवळीवरून परतलेला हिरवा प्रकाश मिसळतो. रॅलेचे गणित आणि मोनेचे चित्र यांत एकाच वर्षाचे अंतर आहे. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि मला यातली गंमत तीच वाटते.

मग आपल्याला सावली निळी का दिसत नाही? कारण आपला मेंदू फार हुशार आहे. पांढरा सदरा उन्हातून सावलीत गेला, तरी मेंदू प्रकाशाच्या रंगाचा हिशेब वजा करून टाकतो आणि ‘सदरा पांढराच आहे’ असा निकाल देतो. एरवी ही सोय चांगलीच आहे. नाहीतर दिव्याखाली आणि उन्हात आपल्याला आपलीच वस्तू ओळखू आली नसती. पण या सोयीची किंमत ही, की डोळ्यांत शिरलेला निळेपणा जाणिवेपर्यंत पोचत नाही. तो पाहावयाचा तर मेंदूला थोडे फसवावे लागते.

ते घरी करता येते. पावसाळा संपल्यावर, आकाश निरभ्र असताना, सकाळी नऊच्या सुमारास एक पांढरा रुमाल अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत पसरा. काळ्या कागदाची बोटाएवढी जाड नळी करा. एक डोळा मिटून नळीतून फक्त सावलीतला भाग पाहा, मग फक्त उन्हातला. आजूबाजूचे काही दिसत नसल्यामुळे मेंदूचा हिशेब कोलमडतो, आणि रुमालाचे दोन रंग दिसू लागतात. दुसरा प्रयोग संध्याकाळचा. दिवेलागणीला, बाहेर अजून उजेड असताना, खिडकीजवळ पांढरा कागद ठेवून त्यावर पेन्सिल उभी धरा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला मेणबत्ती लावा. पेन्सिलीच्या दोन सावल्या पडतील: एक निळी, एक पिवळी. मेणबत्तीमुळे पडलेली सावली कोणती, आणि ती निळीच का, याचा विचार करा. उत्तर वर येऊन गेले आहे.

मोनेला ही नळी लागली नाही. त्याच्या मित्रांनाही लागली नाही. १८७४ साली या मंडळींनी पॅरिसमध्ये आपले पहिले प्रदर्शन भरवले. मोनेच्या एका चित्राच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. त्याची टिंगल करीत एका पत्रकाराने सगळ्यांनाच इम्प्रेशनिस्ट म्हटले. मराठीत आपण या पंथाला दृक्प्रत्ययवाद म्हणतो, आणि हा शब्द मला मूळ शब्दापेक्षाही नेमका वाटतो: डोळ्यांना जे प्रत्ययास येते ते.

‘वसंत ऋतू’ हे चित्र १८७६ च्या दुसऱ्या प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्याचे नाव नुसते ‘वाचणारी स्त्री’ असे होते. त्याच प्रदर्शनात रन्वार या चित्रकाराचे एक चित्र होते. त्यात झाडीत उभ्या असलेल्या एका तरुणीच्या अंगावर पानांतून आलेला प्रकाश पडला आहे. म्हणजे पुन्हा कवडसे आणि त्यांच्यामधली हिरवट-जांभळी सावली. ‘ल फिगारो’ या वृत्तपत्राचा समीक्षक आल्बेर वोल्फ याने लिहिले, की हे सडत चाललेल्या मृतदेहावरचे डाग आहेत. पीसारो या चित्रकाराबद्दल त्याची तक्रार अशी, की झाडे जांभळी नसतात हे या गृहस्थाला कोणीतरी समजावून सांगावे. वोल्फ मूर्ख नव्हता. त्याच्याजवळ एक पक्की यादी होती: झाड हिरवे, कातडी गोरी, सावली काळी. यादीशी जे जुळत नाही ते चूक. आपणही परीक्षेत नेमके हेच करतो, म्हणून मला त्याच्यावर फार हसवत नाही.

एक उपकार मात्र रसायनशास्त्राच्या नावावर मांडला पाहिजे. पूर्वी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ते बाहेर घेऊन फिरणे कटकटीचे होते. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळून रंग काढायच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. टूथपेस्टची नळी तिचीच धाकटी बहीण. अफगाणिस्तानातील खाणींतल्या दगडापासून होणारा अतिशय महाग निळा रंग १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कारखान्यात तयार होऊ लागला. कोबाल्टपासून निळा आणि क्रोमियमपासून नवा, टिकाऊ हिरवा मिळाला. खिशाला परवडणारे निळे आणि हिरवे हाताशी नसते, तर निळी सावली दिसूनही ती चित्रात उतरवणे अवघड गेले असते. मोनेने १८७७ साली पॅरिसच्या सां-लाझार रेल्वे स्थानकाचे जे चित्र काढले, त्याचे पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीत परीक्षण झाले. धुराने काजळलेल्या छताचा काळपट भाग काळ्या रंगाने काढलेला असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो बहुतेक निळे, हिरवे आणि तांबडे रंग एकमेकांत मिसळून केलेला निघाला!

पुष्कळ पुस्तकांत आणखी एक गोष्ट सांगितलेली असते. मोनेचे निरनिराळे ठिपके म्हणे आपल्या डोळ्यांत मिसळून एक रंग होतात. मला हे फारसे पटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहिलात तर लाल, हिरवे, निळे कण दिसतील. ते इतके लहान असतात म्हणून मिसळतात. मोनेचे फटकारे त्यापेक्षा फार मोठे आहेत. ते मिसळत नाहीत, ते शेजाऱ्याला उठाव देतात. शेजारधर्माचा हा नियम शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधला. तो पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने लोकर तपासली. रंगात काहीच दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगाचा होता! १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १८८९ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, तो वारला. एकच राखी कागद कापून एक तुकडा लाल कागदावर आणि एक हिरव्यावर ठेवा. दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत, यावर तुमचा धाकटा भाऊ विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा डोळा नेहमी खरे सांगतो असे माझे म्हणणे नाही. तो फसवतो. पण तो कसा फसवतो हे शोधण्यासाठी शेव्हरलला आधी लोकर नीट पाहावी लागली. न पाहताच पुस्तकातले उत्तर लिहिणाऱ्याला फसण्याचीसुद्धा संधी मिळत नाही.

आणि येथे मी आपल्या प्रात्यक्षिक वहीकडे येतो. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींची आकृती आठवते ना? विटांच्या भिंतीसारख्या एकसारख्या रांगा आणि प्रत्येक विटेच्या बरोबर मध्यभागी एक ठिपका. आता आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली खरा पापुद्रा पाहा. पेशी लहानमोठ्या, तिरक्या. पुष्कळ पेशींत केंद्रक भिंतीला चिकटून बसलेले, कारण मधली बहुतेक जागा रिक्तिकेने व्यापलेली. कुठे हवेचा बुडबुडा, कुठे घडी. हे सारे पाहूनही विद्यार्थी वहीत विटांची भिंतच काढतो, कारण मागच्या वर्षीच्या वहीत ती आहे आणि तिच्यावर ‘उत्तम’ असा शेरा आहे. लंबकाच्या प्रयोगात तर उत्तर आधी आणि वाचने नंतर! ९.८ यायला हवे, मग आंदोलनकाळ कितीही येवो. ही सावली काळी रंगवण्याचीच सवय आहे. फरक एवढाच, की चित्रकलेच्या तासाला तिचे नाव ‘सुबक’ आणि विज्ञानाच्या तासाला ‘बरोबर’.

हे केवळ वहीपुरते राहत नाही. १६०९ च्या उन्हाळ्यात टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला. गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्याने चंद्राचे चित्रही काढले. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वाकडीतिकडी रेघ आहे, बाकी फारसे काही नाही. गॅलिलिओने त्याच वर्षाच्या अखेरीस तसाच चंद्र पाहिला. त्याला छायाप्रकाशाचे चित्र काढता येत होते. अंधाऱ्या भागात सुटे उजळ ठिपके आणि उजळ भागात काळ्या कडा पाहून, हा डोंगरांवर पडलेला उजेड आणि खड्ड्यांतल्या सावल्या आहेत, हे त्याने ओळखले. १६१० साली त्याची चित्रे प्रसिद्ध झाली. त्यानंतर हॅरियटच्याही चित्रांत खड्डे दिसू लागले! दुर्बीण दोघांकडेही होती.

माझी सूचना लहान आहे. शिक्षकांनी प्रत्येक सत्रात निदान एक आकृती अशी ठेवावी, की ती समोरच्या वस्तूवरूनच काढायची: पान, किडा, पापुद्रा, बर्फाचा खडा, काहीही. पुस्तक मिटलेले. दोन विद्यार्थ्यांच्या आकृत्या तंतोतंत सारख्या आल्या, तर दोघांचेही गुण कापावेत. बुडबुडा काढला असेल आणि शेजारी ‘हा बुडबुडा असावा’ असे लिहिले असेल, तर एक गुण अधिक द्यावा. आणि चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासासाठी घेऊ नये. विज्ञानाच्या शिक्षकाने तर तो मुळीच मागू नये.

शिक्षक म्हणतील, साठ मुले, सूक्ष्मदर्शक दोन, अभ्यासक्रम संपवायचा कधी? तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर शिक्षकाच्या हाती नाही, हेही मला मान्य आहे. परीक्षकालाच विटांची भिंत हवी असेल, तर मुलाने तिरकी पेशी काढून गुण का गमवावेत? म्हणून मी सबंध वही बदला असे म्हणत नाही. एक पान मागतो. त्या पानाला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. शाळेच्या आवारातले कडुनिंबाचे किंवा चिंचेचे झाड पुरते.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, त्या झाडाखाली पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि एखादा चांगला गोल, अंधुक कडेचा कवडसा पकडा. कागद थोडा तिरपा करून सूर्यकिरणांना काटकोनात आणा, म्हणजे लांबट कवडसा गोल होईल. त्याचा व्यास पट्टीने मोजा. तो ज्या फटीतून येतो तिचे अंतर मोजा. उंच बांबू आणि टेप लागेल. मात्र मान वर करून सूर्याकडे पाहू नका; बांबू हलवून त्याची सावली कवडशावर केव्हा येते ते पाहिले, की फट सापडते. फट सव्वातीन मीटरवर असेल, तर कवडसा तीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. व्यासाला अंतराने भागा आणि पृथ्वीपासून सूर्याच्या अंतराने, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरने गुणा. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरांच्या जवळपास येतो का ते पाहा. तुमचे उत्तर बारा लाख आले, तर बाराच लिहा आणि खाली, आपल्या मते ते का चुकले, ते लिहा. कागद उचलण्यापूर्वी आणखी एक करा. कवडशाच्या शेजारची सावली कागदावर कोणत्या रंगाची दिसते, तेही रंगपेटीतल्या रंगांनी तेथल्या तेथे नोंदवून ठेवा. काळ्या रंगाची वडी घरीच ठेवून या.